सुई टोचली? काही नाही होत!

आज जरा लांबून सुरुवात करतोय. गोष्ट व्हिएन्नाची आहे, पण विषय आपल्याच तालुक्यातल्या वृद्धाश्रमांचा आणि नर्सिंग होमचा.

साल १८४७. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात याकोब कोलेच्का नावाचे प्राध्यापक शवविच्छेदन शिकवत होते. एका विद्यार्थ्याची सुरी चुकून त्यांच्या बोटाला लागली. एवढीशी जखम, पण त्यातून विष अंगभर पसरलं आणि मार्चमध्ये ते गेले. त्यांचा मित्र डॉ. झेमेलवाइस याने मृत्यूचा अहवाल वाचला आणि तो हबकला. प्रसूतीनंतर तापाने मरणाऱ्या बायकांच्या शरीरात जे सापडायचं, तेच मित्राच्या शरीरात सापडलं होतं. म्हणजे मुडद्याला हात लावलेले डॉक्टर तसेच बाळंतिणींकडे जात होते! त्याने मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्याच्या वॉर्डात शंभरात अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या, जून-जुलैत हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं.

हा किस्सा सगळे 'हात धुवा' म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. कामावर बोटाला लागलेल्या एका जखमेची कुणीतरी नीट चौकशी केली, म्हणून हे सगळं कळलं. आणि बोट प्राध्यापकाचं होतं म्हणून चौकशी झाली. झाडूवाल्याचं असतं तर? असो.

रक्त तपासून सांगायची सोय यायला पुढे शंभरावर वर्षं गेली. १९६० च्या दशकात ब्लमबर्ग यांना हिपॅटायटिस बी च्या विषाणूची खूण रक्तात सापडली; १९७६ ला त्यांना नोबेल मिळालं. तरी सुया टोचतच होत्या आणि कुणी वह्या भरत नव्हतं. जग खडबडून जागं झालं ते एड्समुळे. १९८४ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडमधल्या एका नर्सची नोंद छापून आली, सुई टोचून एचआयव्ही झाल्याची. पुढच्याच वर्षी चाचणी बाजारात आली. १९९१ मध्ये अमेरिकेने नियमच केला की हिपॅटायटिस बी ची लस आणि टोचल्यानंतरची तपासणी मालकाच्या खर्चाने.

गंमत बघा, भीती सगळी एचआयव्हीची. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण हजारात साधारण तिघांना. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी मात्र शंभरात सहा ते तीस जणांना होऊ शकतो. हा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस तग धरतो. आपल्याकडे बाळांच्या लसीकरणात ही लस देशभर आली २०११ च्या सुमारास. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या आया-मावशींना ती लहानपणी मिळालेलीच नाही.

आणखी एक घोळ तपासणीचा. टोचल्या दिवशी केलेली तपासणी "लागण झाली का" हे सांगतच नाही. ती सांगते की आजवर तुम्ही निरोगी होतात. खरी परीक्षा पुढे, दीड महिना, तीन महिने, सहा महिने अशी. पण पहिला कागद नसला तर नंतर कुणीही म्हणू शकतं, "बाई, तुला हे आधीपासूनच असेल." औषधाला तर वेळच नाही. एचआयव्हीच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हायला हव्यात, मग २८ दिवस.

मध्यंतरी एका वृद्धाश्रमातल्या मावशींशी बोललो. आजोबांना इन्सुलिन देऊन टोपण परत लावताना सुई बोटात गेली. "चुन्याचं बोट लावलं, काम सुरू केलं. साहेबांना सांगितलं तर म्हणतात तपासायचे पैसे तुझे. मग कशाला सांगायचं?"

आता कायदा ऐका. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ म्हणतं की जिथे कामामुळे लागणीचा मोठा धोका आहे तिथे संरक्षणाची साधनं, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरची औषधं संस्थेनेच द्यायची. 'संस्था' म्हणजे शुल्क घेणारी आणि न घेणारीही. "आम्ही धर्मादाय आहोत" ही सबब चालत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी ची लस आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी बंधनकारक आहे.

पण त्याच नियमांत 'मोठा अपघात' याची व्याख्या आहे आणि सुई टोचणं त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलंय. कचऱ्याचा ट्रक उलटला तर मोठा. मावशीचं बोट 'इतर' मध्ये, त्याची नोंद फक्त वार्षिक अहवालात.

तो अहवाल संकेतस्थळावर टाकावा लागतो. किती अपघात, किती जण बाधित, काय उपाय केला, असे रकाने त्यात असतात. आपल्या भागातले चार-पाच उघडून पाहिले. सगळीकडे शून्य, शून्य आणि 'लागू नाही'.