३७.३३ सेकंद

मागच्या शनिवारी ठाण्याहून डोंबिवलीला येताना लोकलमध्ये आमची क्विझ रंगली होती. प्रश्न आला, "खेळात भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक कोणाचं?" सगळे एका सुरात ओरडलो, "अभिनव बिंद्रा, २००८!" ऑलिंपिकपुरतं बरोबरच. पण घरी येऊन सहज शोधलं, तर त्याच्या ३६ वर्षं आधीचं एक मराठी नाव सापडलं. खरं सांगतो, लाज वाटली.

मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ईएमईमध्ये जवान आणि पट्टीचे बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सिंग तिथेच संपलं. उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले, आणि या गड्याने त्यातच नवा खेळ शोधला! १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. पदक हुकलं.

मग आलं १९७२. ऑलिंपिक म्युनिकला, पॅरालिंपिक त्याच पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला. ५० मीटर फ्रीस्टाइल. पेटकर फक्त हातांच्या जोरावर ३७.३३ सेकंदांत पोहले. सुवर्णपदक, वर विश्वविक्रम! डोंबिवलीला लोकल थांबून सुटेपर्यंत साधारण एवढाच वेळ जातो. तेवढ्यात माणूस जगात पहिला आला.

पॅरालिंपिकमधलं भारताचं पुढचं सुवर्ण थेट २००४ चं, देवेंद्र झाझरिया यांचं. मधली ३२ वर्षं पेटकर एकटेच. तरी पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरव अर्जुन पुरस्कार.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर डेटा पहिल्या दिवसापासून होता, आमची क्वेरीच चुकीची होती. डोक्यात 'ऑलिंपिक' हा फिल्टर लावला की पेटकर आपोआप गळतात. त्यांना कोणी मुद्दाम विसरलं असेल असं नाही, पण प्रश्न विचारतानाच आपण ठरवून टाकतो की उत्तरात कोण येणार.

असो. पुढच्या शनिवारी गाडीत प्रश्न मी विचारणार आहे. बिंद्रा म्हणणाऱ्याला अर्धेच मार्क!