बोलणारा भोपळा आणि मुकी पेटी

दिल्लीच्या पहाडगंजातील बृहन्महाराष्ट्र भवन राजधानीतल्या मराठी माणसाला परिचित आहे. अशा एखाद्या सभागृहात शास्त्रीय गायन असते तेव्हा दोन पोकळ पेट्या एकाच वेळी नादत असतात : गायकामागे तंबोऱ्याचा भोपळा आणि मंचाच्या कडेला स्पीकरची पेटी. दोहोंत हवा कोंडलेली आहे, दोहोंच्या भिंती कंप पावतात. तरीही त्यांची कर्तव्ये परस्परविरुद्ध आहेत. स्पीकरच्या पेटीचा इतिहास हा भेद उलगडत जाण्याचा इतिहास आहे.

प्रथम भोपळा. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर भागात पिकणारे मोठे भोपळे त्या वाद्यांचा आधार झाले. बारीक तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिचा कंप घोडीवाटे तबलीत उतरतो आणि तबली व भोपळा मिळून तो सभागृहात पोहोचवतात. घोडीच्या वक्र पृष्ठामुळे, म्हणजेच जवारीमुळे, उपस्वर कसे समृद्ध होतात याची चर्चा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये केली. वाद्याचे लाकूड आपला रंग स्वरात मिसळते. तोच त्याचा गुण. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आता पेटी. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा मांडला. त्यातील कागदी शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असते. असा लांब तरंग शंकूला सहज वळसा घालतो आणि पुढची-मागची हवा परस्परांना रद्द करते. खर्ज नाहीसा होतो. म्हणून मागची लाट अडविणारी पेटी हवी.

परंतु बंद पेटीतील हवा स्प्रिंगप्रमाणे शंकूला रोधते. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये पेटीला मोजून-मापून छिद्र ठेवण्याच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यास आतली हवा घुमते. त्याच तत्त्वाने मागची लाट उलटून खर्जाच्या मदतीला येते. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी उलट वाट धरली : शंकूची बैठक अतिशय सैल ठेवून त्यांनी कोंडलेल्या हवेलाच मुख्य स्प्रिंग केले. लहान पेटीतून खोल खर्ज निघू लागला. पुढे नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचे आकारमान गणिताने ठरविण्याची रीत दिली.

प्रश्न उरला भिंतींचा. पेटीच्या फळ्यांचे क्षेत्रफळ शंकूच्या कितीतरी पट असते. स्वर थांबल्यावरही त्या कंप पावत राहिल्या, तर गायकाच्या आवाजात परका आवाज मिसळतो. फळी जाड करावी, हा सहज सुचणारा उपाय. बीबीसीच्या संशोधन विभागातील हारवुड व मॅथ्यूज यांनी १९७७ च्या अहवालात वेगळा मार्ग पुरस्कारला : बर्चचे पातळ प्लायवुड आणि आतून डांबरी थर. जाड, ताठ फळीचा अनुनाद अधिक उंच स्वरांकडे सरकतो, जिथे कान तीक्ष्ण असतो; पातळ फळीचा खाली राहतो आणि डांबर त्याची ऊर्जा उष्णतेत जिरवते.

म्हणून ‘अस्सल सागवानी पेटी, म्हणून आवाज गोड’ हा युक्तिवाद वाद्याला लागू पडणारा निकष स्पीकरला लावतो. भोपळ्याने बोलायचे असते, पेटीने मौन पाळायचे असते. ते तिने पाळले नाही, तर मिरजेच्या कारागिराने दिवसचे दिवस घासून जुळविलेली जवारी श्रोत्यापर्यंत गढूळ होऊन पोहोचते.

घरातील स्पीकर बंद करून त्याच्या कुशीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहा. नाद लांबत गेला, तर पेटी गप्प बसायला शिकलेली नाही.