टर्कीची पिल्ले आणि प्रथिनांचा आकडा

टर्की हा मांसासाठी पाळला जाणारा, कोंबडीहून बराच मोठा पक्षी. त्याच्या पिल्लांची प्रथिनांची गरजही मोठी असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ सालच्या तक्त्यात मांसल कोंबडीच्या पिल्लांना पहिले तीन आठवडे २३ टक्के, तर टर्कीच्या पिल्लांना पहिले चार आठवडे २८ टक्के प्रथिनांचे खाद्य सांगितले आहे. पण हा आकडा गाठला म्हणजे पिल्लाचे पोषण झाले का? गेल्या शतकातील दोन घटना या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिली घटना अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातली. सातू खाणाऱ्या पिल्लांची वाढ खुंटे, विष्ठा चिकट होई. १९५७-५८ च्या सुमारास जेन्सन, फ्राय, मॅकगिनिस व सहकाऱ्यांनी कोंबडीच्या आणि टर्कीच्या पिल्लांवर प्रयोग केले. सातू पाण्यात भिजवून वाळवला किंवा खाद्यात सूक्ष्मजीवांपासून मिळवलेली विकरे मिसळली, की वाढ सुधारत असे. प्रथम याचे श्रेय स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजला मिळाले. पुढे आढळले, की खरे काम त्याच भुकटीतील बीटा-ग्लुकनेज हे दुसरे विकर करत होते. सातूच्या पेशीभित्तिकांत बीटा-ग्लुकन ही बहुशर्करा असते. ती तोडणारे विकर पक्ष्याचे शरीर तयार करत नाही. त्यामुळे ती आतड्यात विरघळून खळीसारखी दाट होते. या खळीत पाचक विकरे अन्नापर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि पचलेले अन्न नीट शोषलेही जात नाही. १९६६ साली बर्नेट यांनी या दाटपणाकडेच बोट दाखवले. म्हणजे प्रथिने पोटात जात होती, पण पुरती अंगी लागत नव्हती.

दुसरी घटना इंग्लंडमधली. १९६० साली तेथे काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्कीची पिल्ले मेली. कारण उमगेना, म्हणून रोगाला नाव पडले ‘टर्की एक्स’. शोध घेता घेता धागा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. प्रथिनांसाठी म्हणून घातलेल्या या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. तिच्या विषाला बुरशीच्याच नावावरून ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हटले गेले. हे विष यकृताची नासाडी करते. माणसात ते यकृताच्या कर्करोगालाही कारण ठरते.

हे संकट पक्ष्यांपुरते राहिले नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्यावर हीच बुरशी वाढली. तो मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली.

म्हणून वर्गात पोषणाचा धडा शिकवताना तक्त्यातील टक्केवारीपाशी थांबू नये. अन्नात किती आहे, त्यातले पचते किती आणि त्याच्यासोबत आणखी काय पोटात जाते, हे तिन्ही प्रश्न मुलांना विचारू द्यावेत.