हजारे बडोद्याला गेले तेव्हा

मंडळी, २०२५ च्या नोव्हेंबरात आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी खेळाडूंचा बाजार भरायचा. आयपीएलचा हंगाम नाही, सामना नाही, तरी नातू आणि त्याचे तीन मित्र तावातावाने भांडत बसलेले. राजस्थानचा संजू सॅमसन चेन्नईला हवा आहे, मग त्याच्या बदल्यात चेन्नईने द्यायचं कोण? एक म्हणे, जडेजा द्या. दुसरा म्हणे, जडेजा दिला तर मी चेन्नई सोडली! तिसरा हिशेबी. तो म्हणे, जडेजा सदतिशीला टेकला, सॅमसन अजून कितीतरी वर्षं खेळेल, फायदा कुणाचा ते बघा. शेवटी १५ नोव्हेंबरला जाहीर झालं. सॅमसन चेन्नईला, जडेजा आणि सॅम करन राजस्थानला. सॅमसनची किंमत १८ कोटी तशीच राहिली, जडेजाची १८ ची १४ झाली. ज्या जडेजाने २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून चेन्नईला करंडक मिळवून दिला, त्याला असं देऊन टाकलं म्हणून तो दुसरा मुलगा दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाही.

"आजोबा, तुमच्या वेळी असं नव्हतं ना?" नातवाने विचारलं. त्याला वाटलं असावं, मी लगेच 'आमच्या वेळी निष्ठा होती' वगैरे सुरू करेन. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असं खोटं बोलता येत नाही.

साधारण १९७५ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते, मूळचे पुण्याचे. ग्रंथपाल होते इंदूरचे. मधल्या सुट्टीत रेडिओवर कसोटीचं समालोचन लागलं की या दोघांचं हमखास जुंपायचं, आणि गंमत म्हणजे चालू सामन्यावरून नाही, तर पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीवरून. "आमचा हजारे बडोद्याने पळवला!" हे सरांचं पालुपद. ग्रंथपाल शांतपणे चहा ओतून घेत आणि म्हणत, "पळवला कसला? पोटासाठी गेला. तुम्ही काय देत होता त्याला, टाळ्या?"

मी तेव्हा नवा होतो, ऐकत बसायचो. पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेलो आणि लक्षात आलं की दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं.

विजय हजारे सांगलीचे. जन्म १९१५ चा. शाळामास्तरांच्या आठ मुलांपैकी एक. (मास्तरांच्या घरात आठ मुलं म्हणजे काय, हे आमच्या पिढीतल्या वाचकांना सांगायला नको.) सुरुवातीला ते महाराष्ट्राकडून खेळले, मग देवासच्या महाराजांच्या पदरी राहिले तेव्हा मध्य भारताकडून खेळले, आणि परत महाराष्ट्राकडे आले. त्या वेळी महाराष्ट्राचे कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध २४६ धावा करणारा हा माणूस! त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. १९३९-४० च्या हंगामातच पुण्यात हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचं प्रथम श्रेणीतलं ते पहिलं त्रिशतक.

ते कुणाविरुद्ध होतं माहीत आहे? बडोद्याविरुद्ध. आणि वर्ष-दोन वर्षांत हजारे त्याच बडोद्याचे झाले. ज्याने आपल्याला इतकं झोडपलं त्यालाच आपल्याकडे आणायचं, ही युक्ती आजच्या संघमालकांनी शोधून काढलेली नाही.

त्या काळी रणजी खेळून पोट भरत नसे. नोकरी लागे, आणि खेळायला सुट्टी देणारी नोकरी लागे. ती संस्थानिकांकडे मिळे. हजारे बडोद्याच्या महाराजांचे एडीसी झाले. कागदावर काम महाराजांच्या दिमतीचं, प्रत्यक्षात मैदानावरचं. त्यांच्याही आधी, १९२३ मध्ये, नागपूरच्या सी. के. नायडूंना होळकरांनी इंदूरला बोलावून आपल्या फौजेत कॅप्टन केलं होतं. पुढे ते कर्नल झाले आणि अखेरपर्यंत 'कर्नल सी. के.'च राहिले. होळकरांचा संघ म्हणजे तर वेचून आणलेल्या मोत्यांची माळ. सागरचे सरवटे, इंदूरचेच मुश्ताक अली, वर नायडूंची कडक शिस्त. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा रणजीच्या अंतिम फेरीत होता, चार वेळा विजेता. महायुद्धात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होता, तर त्यालाही संघात घेतलं. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध ८६७ धावांचं लक्ष्य असताना या कॉम्प्टनने नाबाद २४९ केल्या. तरी होळकर हरले, ३७४ धावांनी. विजय मर्चंटनी मुंबईच्या दुसऱ्या डावात २७८ करून ठेवल्या होत्या ना!

हे सगळं मी शिक्षकखोलीत सांगू लागलो की ग्रंथपालांची छाती फुगायची. मग सर चिडून म्हणायचे, "भाड्याची फौज!" त्यावर ग्रंथपालांचं ठरलेलं उत्तर असे, "होळकर काय, गायकवाड काय, गेले ते मराठी राजाकडेच ना? मग तुमचं काय गेलं?"

काय गेलं ते आकड्यांत सांगता येतं. हजारे गेल्यावर १९४२-४३ मध्ये बडोद्याने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. अंतिम सामन्यात हरला तो हैदराबादचा संघ, म्हणजे तेव्हाच्या राज्याप्रमाणे आपलाच म्हणायचा, कारण आपलं शहर तेव्हा निजामाकडे. आणि महाराष्ट्र? १९४०-४१ नंतर महाराष्ट्राला रणजी करंडक आजतागायत मिळालेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीन वेळा अंतिम फेरीत गेलो आणि हात हलवत परत आलो. एका माणसामुळे हे सगळं झालं असं मी म्हणणार नाही, देवधरही थकले होते. पण गणिताच्या सरांनी हे असं मांडलं की त्यांचा आवाज चढायचा आणि मग कुणी वाद घालत नसे.

मला स्वतःला सगळ्यात नवल वाटतं ते १९४७ च्या मार्चमधल्या अंतिम सामन्याचं. बडोदा विरुद्ध होळकर, बडोद्यात. दोन मराठी संस्थानं समोरासमोर, आणि दोघांकडेही ठिकठिकाणाहून आणलेली माणसं. बडोद्याकडून सांगलीचे हजारे २८८ आणि लाहोरचा गुल महंमद ३१९. दोघांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या. जगात कुठल्याही विकेटसाठी एवढी भागीदारी तोवर झाली नव्हती, आणि तो विक्रम २००६ पर्यंत टिकला. बडोद्याचे ७८४ झाले, होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले. पाचच महिन्यांनी फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेला आणि त्यांच्याकडून कसोटीही खेळला. संस्थानं विलीन झाली, एडीसी आणि कॅप्टन हुद्दे गेले.

खेळाडूंना आसरा मात्र लागतच होता. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर बघा. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे, एवढ्या संघांकडून ते खेळले. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर होते. ब्रॅडमनच्या विक्रमाला फक्त नऊ कमी, आणि काठियावाडच्या संघाने खेळ सोडून दिला! एवढं करूनही त्यांना एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही.

राजांची जागा पुढे रेल्वेने आणि बँकांनी घेतली. आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण आहे. बीडचा संजय बांगर. रणजी खेळला तो रेल्वेकडून. २००२ मध्ये लीड्सला सलामीला येऊन त्याने ६८ धावा काढल्या आणि द्रविडबरोबर १७० ची भागीदारी केली, तेव्हा आमच्या गल्लीत कुणीही 'आमचा बांगर रेल्वेने नेला' असं म्हटलं नाही. रेल्वेची नोकरी लागली म्हणजे मुलाचं सोनं झालं, हीच सगळ्यांची भावना! नोकरीसाठी गाव सोडलेल्याला आपल्याकडे कुणी नावं ठेवत नाही. आपलीच मुलं कुठे कुठे गेली आहेत ते हे वाचणाऱ्या नातेवाइकांना मी काय सांगू.

तेव्हा नातवाला मी सांगितलं की खेळाडू जाणं नवीन नाही. नवीन काय, तर माणसाच्या बदल्यात माणूस. हजाऱ्यांच्या मोबदल्यात बडोद्याने पुण्याला कुणी दिलं नव्हतं. ते स्वतः गेले, तिथेच रमले, बडोद्याकडूनच वीसेक वर्षं खेळले, आणि २००४ मध्ये वारले तेही बडोद्यातच. राजाच्या पदरी असणं म्हणजे स्वातंत्र्य होतं असंही नाही. हुजुरांची मर्जी फिरली तर काय, हा प्रश्न होताच. पण निदान हातात नोकरी होती, घर होतं.

आयपीएलमध्ये अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते, हे खरं. पण बोलणी करायची ती संघांनी. याच जडेजाला २०१० साली, स्वतःच दुसऱ्या संघाशी बोलणी केल्याबद्दल एक हंगाम बंदी झाली होती. अमेरिकेत तर बहुतेकांना संमतीही विचारत नाहीत. माझा पुतण्या डॅलसला असतो. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या बास्केटबॉल संघाने लुका डॉन्चिच हा आपला हिरा लॉस एंजेलिसच्या लेकर्सना देऊन अँथनी डेव्हिसला घेतलं. मध्यरात्री बातमी आली. खुद्द खेळाडूला पत्ता नव्हता. लोकांनी स्टेडियमबाहेर चक्क शवपेटी आणून ठेवली! पुतण्याने फोनवर सांगितलं, "काका, ऑफिसात सुतक असल्यासारखं वाटतंय." पुण्याचे सर त्या ऑफिसात शोभले असते.

आपल्याकडे शवपेटी नाही आली, पण हार्दिक पंड्या (हाही बडोद्याचाच!) २०२३ च्या नोव्हेंबरात गुजरातकडून मुंबईला परत आला आणि रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, तेव्हा वानखेडेवर मुंबईकरांनीच त्याची हुर्यो उडवली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरला प्रेक्षकांना नीट वागा म्हणावं लागलं. तीनच महिन्यांनी, २०२४ च्या जुलैत, विश्वचषक घेऊन तोच हार्दिक त्याच मैदानात आला आणि तेच लोक त्याच्या नावाचा जयघोष करत होते. नातवाचे मित्र म्हणतात ही लोकांची चंचलता. मला तसं वाटत नाही. लोकांना राग आला होता तो विचारलं नाही म्हणून. आपलं माणूस कोण हे प्रेक्षक मनात ठरवतो, आणि व्यवहार मात्र दुसऱ्याच खोलीत होतो. सरांचं तरी दुसरं काय दुखणं होतं?

जाता जाता एक राहिलं. ५७७ चा तो आकडा भारतात मोडला गेला २०१६ च्या ऑक्टोबरात, वानखेडेवर, दिल्लीविरुद्धच्या रणजी सामन्यात. नाबाद ५९४ धावांची भागीदारी, स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि आपल्या पैठणचा अंकित बावणे नाबाद २५८. संघ महाराष्ट्राचा. त्या दिवशी मी सरांच्या घरी फोन लावला. सर तोवर गेले होते. त्यांच्या सुनेने उचलला. तिला क्रिकेटमधलं फारसं कळत नव्हतं, पण हजारे हे नाव ओळखीचं होतं. म्हणाली, "हो हो, ते बडोद्याने नेलेले ना?"