मालवणात एक दिवस : पॅडलबोर्ड, स्नॉर्कलिंग आणि आपलं कुटुंब

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापूर, मिरज, सांगली, पुणे, रत्नागिरीहून आपल्या लोकांच्या गाड्या मालवण-तारकर्लीकडे निघतात. किनाऱ्यावर चित्र बहुधा एकच असतं. पुरुष आणि मुलं पाण्यात, आणि आई, बहिणी, खाला, फुफू चटईवर बसून चपला आणि मोबाईल सांभाळतायत. कारण विचारलं तर उत्तरं ठरलेली : कपडे कसले घालायचे, शिकवणारा पुरुष असतो, कुणीतरी व्हिडिओ काढेल, पोहता येत नाही, नमाज निघून जाईल. ही कारणं खोटी नाहीत. पण त्यातल्या बहुतेकांवर उपाय आहे, आणि तो घरातून निघण्याआधीच करावा लागतो. त्यासाठीच ही माहिती.

जागा नीट समजून घ्या

मालवण बंदरासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, १६६७ मध्ये पुरं झालं. या किल्ल्याभोवतीचा आणि जवळच्या पद्मगडाभोवतीचा समुद्र म्हणजे १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य, एकूण सुमारे २९ चौरस किलोमीटर. किल्ल्याच्या आसपास खडक आहेत, त्या खडकांवर प्रवाळ आहे, प्रवाळाच्या आधाराने मासे आहेत. स्नॉर्कलिंग इथेच चालतं.

मालवणहून दक्षिणेला तारकर्ली, आणि तिच्या पुढे देवबाग. देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी. टोकाला नदी समुद्राला मिळते, तो संगम. त्याच्या अलीकडे खाडीत वाळूचा उंचवटा आहे, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. जेट स्की, बनाना बोट वगैरे गोंगाट तिथे. पॅडलबोर्डसाठी मात्र खाडीचा आतला, शांत भाग हवा. कयाक सहज मिळते, पॅडलबोर्ड सगळ्यांकडे नसतो, म्हणून आधी फोन करून विचारावं.

रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळ किंवा कणकवलीला उतरावं. पुढे एसटी किंवा रिक्षा.

वारा, भरती आणि चांद

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर नद्यांचा गाळ बसायला वेळ लागतो, त्यामुळे ऑक्टोबरात पाणी गढूळ असू शकतं. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. त्या काळात कुणी “नेतो की, काय होतंय” म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे उपयोगाला येतात. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि उन्हं वर आली की पडतो. दुपारनंतर खारा वारा सुरू होतो आणि पाणी चोपडं राहत नाही, लाटा उठतात. म्हणून पाण्यातलं सगळं काम सकाळी उरकावं. पण मतलई वाऱ्यातही एक धोका आहे : समुद्राच्या बाजूला बोर्ड घेऊन उतरलात तर तो तुम्हाला नकळत बाहेर ढकलत नेतो. किनाऱ्यावरून पाणी आरशासारखं दिसतं, आणि परत वल्हवताना मग कळतं. नवख्यांनी बोर्ड खाडीतच घ्यावा असं आम्ही सांगतो ते यासाठी.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ओढ कमी. आपल्या घरात हिजरी कॅलेंडर भिंतीवर असतंच, त्याचा इथे चांगला उपयोग होतो. चांदाच्या साधारण ७ ते ९ आणि २१ ते २३ तारखांना प्रवाह मंद असतो. महिन्याचे पहिले दोन-तीन दिवस, आणि १३ ते १६, हे उधाणाचे. म्हणजे अय्याम-ए-बीजचे रोजे ज्या तारखांना धरतात, त्या तारखांना खाडीच्या तोंडाशी नवशिक्याचं काम नाही. ओहोटी लागल्यावर संगमाकडचं पाणी समुद्राकडे खेचतं. त्या ओढीपुढे पट्टीचा पोहणाराही हात टेकतो. शक्य असेल तर चढत्या भरतीला बोर्ड घ्या, चुकून वाहत गेलात तरी आत, गावाच्या दिशेने जाल.

बोर्डवर उभं राहणं

पॅडलबोर्ड म्हणजे साधारण दहा-अकरा फुटांची रुंद फळी. बहुतेक हवा भरलेल्या असतात. हवा कमी असेल तर मधोमध वाकते आणि तोल जातो, म्हणून अंगठ्याने दाबून बघा, टणक लागली पाहिजे. वल्हं आपल्या उंचीपेक्षा वीतभर जास्त. त्याच्या पात्याला बाक असतो, तो पुढच्या बाजूला झुकलेला हवा. नव्वद टक्के लोक उलटं धरतात.

आधी गुडघ्यांवर बसूनच पाच-दहा मिनिटं वल्हवा. मग एकेक पाऊल मध्यावर, गुडघे किंचित वाकलेले, नजर समोरच्या माडांवर. पायांकडे बघितलं की पडलात. पडायचंच असेल तर बोर्डपासून लांब, बाजूला, पाठीवर पसरून पडा. उथळ पाण्यात उडी मारू नका. बोर्डला बांधलेली दोरी शरीराला अडकवणं सक्तीचं समजा. बोर्ड हाताशी असेल तर तोच तुमचा तराफा. मात्र खाडीत मासेमारीच्या खुंट्या आणि जाळी असतात, प्रवाहात दोरी त्यात अडकू शकते, म्हणून घोट्याऐवजी कमरेला, झटक्यात सुटणारा पट्टा मागा. उभं राहता आलं नाही तरी काही बिघडत नाही. दादीसुद्धा बसून वल्हवू शकते, आणि बसून वल्हवण्यातही मजा तेवढीच आहे.

रापण ओढली जात असेल तर तिथून लांबून जा. ते कुणाच्या तरी घरचं जेवण आहे. रत्नागिरीकडच्या आपल्या दालदी समाजाला हे वेगळं सांगायला नको.

पाण्याखाली बघताना

स्नॉर्कलिंगला पोहता आलंच पाहिजे असं नाही. लाइफ जॅकेट घालून, हवेच्या ट्यूबला धरून, तोंड पाण्यात घालून तरंगायचं, एवढंच. खोली पुरुषभर ते दोन पुरुष असते. अडचण येते ती श्वासाची. नाक मास्कमध्ये बंद असतं आणि नळीतून फक्त तोंडाने श्वास घ्यायचा असतो. पहिल्यांदा मेंदू हे मानत नाही, छाती धडधडते. म्हणून बोटीवरून थेट उडी घेऊ नका. किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, फक्त चेहरा बुडवून दहा मिनिटं सराव करा. श्वास लांब आणि सावकाश. नळीत पाणी आलं तर फूंक मारल्यासारखा जोरात उच्छ्वास सोडा, बाहेर फेकलं जातं. मास्कवर वाफ धरते, त्याला आतून थुंकी लावून विसळणं हा जगभरातला उपाय आहे. किळस वाटत असेल तर बाळाच्या शाम्पूचा थेंब.

मास्क बसतो की नाही हे पट्टा न लावता तपासा : चेहऱ्याला टेकवा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर ठीक. दाढीमुळे मास्क गळतो असं अनेकांना वाटतं, पण त्याची कड वरच्या ओठावर टेकते, त्यामुळे अडचण मिशीची आहे. मिशा कातरून दाढी राखणाऱ्यांना इथे आपोआप फायदा होतो. बहिणींनी हिजाबची कड मास्कखाली येऊ देऊ नये. कापडाचा एक धागाही पाणी आत आणतो. पट्टा हिजाबच्या वरून घेतला तरी चालतो.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क ऑनलाइन स्वस्तात मिळतात. मुलांसाठी ते घेऊ नयेत असं आमचं मत आहे. सोडलेली हवा आत साठू शकते आणि घाबरल्यावर मूल ते पटकन काढू शकत नाही.

दिसतं काय? नशीब चांगलं असेल तर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर, पोपट मासा, फुलपाखरू मासा, आणि खडकाला चिकटलेले पिवळट-तपकिरी प्रवाळाचे गोळे. टीव्हीवरच्या मालदीवसारखं निळंशार काचेचं पाणी इथे नसतं, मुलांना आधीच सांगून ठेवा. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्यावर उभं राहिलं की तो मरतो, आणि पायही कापतो. तो तोडून घरी आणणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मासे जवळ यावेत म्हणून गाईड ब्रेड किंवा बिस्किटं टाकतात, फोटो छान येतात. ते टाकू नका असं नम्रपणे सांगा. माशांचं खाणं ते नाही.

जेलीफिश लागली तर चोळू नये, गोडं पाणी ओतू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावं. सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना. हृदयविकार, दमा, फिट येणं, गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. पोट भरून लगेचही नको. आणि रोजा असताना हा बेत आखूच नये, नळीतून खारं पाणी घशात जातंच.

कपडे आणि पर्दा

सुती सलवार-कमीज किंवा बुरखा घालून पाण्यात उतरणं धोक्याचं आहे, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. सुती कापड पाणी पितं, जड होतं, पायात गुंततं. दुपट्टा बोटीच्या पंख्याजवळ गेला तर काय होईल याची कल्पना करा. त्याऐवजी पोहण्याच्या कापडाचा पूर्ण अंगाचा पोशाख, डोक्याच्या टोपीसकट, ज्याला बुर्किनी म्हणतात, तो घ्यावा. वर लाइफ जॅकेट येतंच, त्यामुळे अंगाला चिकटण्याचा प्रश्न बराच कमी होतो. पाण्याबाहेर आल्यावर घालायला एक सैल, बटणांचा अंगरखा किनाऱ्यावर तयार ठेवा. पुरुषांनीही गुडघ्याखाली येणारी चड्डी घालावी. पर्द्याचे नियम फक्त बायकांना आहेत असं कुणी सांगितलेलं नाही.

बुकिंग करताना विचारा : स्त्री प्रशिक्षक आहे का? नसेल तर आमच्या घरच्या बायकांची वेगळी फेरी आणि वेगळी बोट मिळेल का? हात धरण्याऐवजी ट्यूबची दोरी धरून नेता येईल का? कपडे बदलायला बंद खोली आहे का? आठ-दहा जणांचा गट असेल आणि सुट्टीची गर्दी नसेल तर यातलं बरंच काही जमून जातं. व्हिडिओबद्दल आधीच बोला. बरेच व्यावसायिक पाण्याखालचं चित्रण करून देतात आणि त्यातलं काही आपल्या जाहिरातीसाठी वापरतात. बायका-मुलींचं चित्रण नको असेल तर तसं व्हॉट्सॲपवर लेखी कळवा, तोंडी नाही.

नमाज आणि जेवण

डिसेंबरात मालवणला जोहरचा वक्त साधारण साडेबारानंतर सुरू होतो, असर शाफईप्रमाणे पावणेचारच्या आसपास आणि हनफीप्रमाणे साडेचारच्या आसपास, मगरिब सहा वाजून गेल्यावर. सकाळी साडेसातला खाडीत बोर्ड, दहाच्या सुमारास किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग, साडेअकराला पाण्याबाहेर, अशी आखणी केली तर आंघोळ करून निवांत जोहर मिळते. घरापासून ४८ मैल, म्हणजे ७७-७८ किलोमीटरपलीकडे आलेल्यांना कस्र आहे. शाफई मसलकात प्रवासात जोहर-असर एकत्र करता येते, हनफी मसलकात नाही. समुद्राच्या पाण्याने वुजू होतो. मात्र पाण्यात न निघणारं सनस्क्रीन कातडीवर थर धरतं, ते आधी साबणाने धुवून काढावं.

जेवणात मासळी असल्यावर प्रश्न उरत नाही असं वाटतं, पण उरतो. शाफई घरांत कोळंबी, शिंपले बिनघोर चालतात, खेकड्यावर मात्र दोन मतं आहेत. हनफी घरांत मासळीच, म्हाकूल-शिंपले नाहीत, आणि कोळंबीवर उलेमांत मतभेद. कोंबडी-मटणाबद्दल कुणी कापलं हे विचारा, आणि मासे वेगळ्या तेलात तळून द्या म्हणा. मालवणी खानावळीवाले यात नाराज होत नाहीत, रोज कुणीतरी काहीतरी विचारतंच.

कुणाबरोबर जायचं

मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यामुळे स्वस्त कोण यापेक्षा हे बघा : महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना दाखवतो का, बोटीत किती माणसं बसवतो, विमा आहे का, गाईडकडे जीवरक्षकाचं प्रमाणपत्र आहे का. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत असं प्रशिक्षण मिळतं. इथले बरेच गाईड गाबीत मच्छीमार घरांतले आहेत, समुद्र त्यांना आपल्यापेक्षा कळतो. त्यांनी “आज नको” म्हटलं तर आगाऊ दिलेल्या पैशांसाठी हुज्जत घालू नका.

लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत, पट्टे आवळून. मुलाचं जॅकेट खांद्याशी धरून वर उचला. हनुवटी आत घुसली किंवा जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, लहान मागा. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. आणि घरातला एक मोठा माणूस किनाऱ्यावर, फोन बाजूला ठेवून, फक्त डोकी मोजायला. हे काम दर वेळी अम्मीलाच देऊ नका, पाळी लावा.

फोनमध्ये आधीच साठवून ठेवायचे नंबर : रुग्णवाहिका १०८, सर्वसाधारण मदत ११२, समुद्रातल्या शोध आणि बचावासाठी तटरक्षक दल १५५४.