हॅब्सबर्ग घराणे: लग्नांतून मिळालेले साम्राज्य आणि लग्नांतच आटलेला वंश

१ नोव्हेंबर १७०० रोजी माद्रिदमध्ये स्पेनचा राजा दुसरा कार्लोस मरण पावला. एकोणचाळिसाव्या वाढदिवसाला त्याचे पाच दिवस उरले होते. त्याला मूल नव्हते आणि हयात भाऊही नव्हता. स्पेन, मिलान, नेपल्स, सिसिली, आजच्या बेल्जियमचा बराचसा भाग, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतचा अमेरिकेतील मुलूख आणि फिलिपीन्स एवढे सारे राज्य त्याच्यामागे बेवारस झाले. त्यावरून लवकरच युरोपभर युद्ध पेटले आणि ते तेरा वर्षे चालले.

हे साम्राज्य त्याच्या पूर्वजांनी मुख्यतः लढाया जिंकून नव्हे, तर लग्ने जुळवून उभे केले होते. वंश संपण्यामागेही लग्नेच होती. युरोपातील राजघराण्यांत विवाह आणि वारसा यांची गाठ किती घट्ट होती, हे समजून घ्यायला हॅब्सबर्ग घराण्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

घराण्याचे मूळ

घराण्याचे नाव आजच्या स्वित्झर्लंडमधील हॅब्सबर्ग नावाच्या एका लहान गढीवरून पडले. अकराव्या शतकातील ही गढी आरगाउ प्रांतात अजून उभी आहे. या घराण्यातील रुडॉल्फ १२७३ मध्ये जर्मनीचा राजा म्हणून निवडला गेला. बोहेमियाच्या राजाचा १२७८ मध्ये पराभव करून त्याने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला आणि १२८२ मध्ये तो आपल्या मुलांना दिला. तेव्हापासून १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया या घराण्याकडे राहिला.

तरीही पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे युरोपातील अनेक घराण्यांपैकी एक होते. त्याचे नशीब पालटले ते १४७७ मध्ये. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स युद्धात मारला गेला आणि त्याची एकुलती मुलगी मेरी वारस झाली. त्या काळातील सर्वांत श्रीमंत मुलखांपैकी एक, म्हणजे आजचे नेदरलँड्स आणि बेल्जियम, तिच्या नावावर होता. त्याच वर्षी तिने हॅब्सबर्ग राजपुत्र मॅक्सिमिलियनशी लग्न केले. पाच वर्षांनी घोड्यावरून पडून ती वारली आणि तिचा मुलूख मुलाकडे, म्हणजेच हॅब्सबर्गांकडे आला.

साटेलोट्यांचे राजकारण

मॅक्सिमिलियनने हा मार्ग पुढेही चालू ठेवला. त्याची आवडती पद्धत मराठीत ज्याला साटेलोटे म्हणतात तीच होती. एका घरची मुलगी द्यायची आणि त्याच घरची मुलगी करायची. १४९६-९७ मध्ये त्याचा मुलगा फिलिप आणि मुलगी मार्गारेट यांची लग्ने अनुक्रमे स्पेनची राजकन्या हुआना आणि राजपुत्र हुआन यांच्याशी झाली.

अशा करारात धोका दोन्ही बाजूंना असतो. ज्याचा वंश आधी खुंटेल, त्याचे राज्य दुसऱ्याकडे जाते. हुआन लग्नानंतर काही महिन्यांतच वारला. त्यानंतर थोरली बहीण आणि १५०० मध्ये तिचा लहानगा मुलगाही गेला. अशा रीतीने स्पेनचा वारसा हुआनाकडे आला. तिचा मुलगा चार्ल्स १५१६ मध्ये स्पेनचा राजा झाला आणि १५१९ मध्ये पवित्र रोमन सम्राट म्हणून निवडला गेला. इतिहासात तो पाचवा चार्ल्स म्हणून ओळखला जातो. खुद्द हुआनाच्या वाट्याला मात्र राज्य आले नाही. तिला वेडी ठरवून आधी वडिलांनी आणि नंतर मुलाने तोर्देसियास येथील वाड्यात ठेवले. १५५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४६ वर्षे, ती तिथेच होती.

दुसरे साटेलोटे १५१५ मध्ये व्हिएन्नात ठरले. चार्ल्सची बहीण मेरी हंगेरी-बोहेमियाच्या लायोशला दिली गेली आणि लायोशची बहीण ॲना हॅब्सबर्ग घरात आली. ओटोमन फौजेविरुद्ध १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत लायोश निपुत्रिक मारला गेला. ॲनाचा पती आणि चार्ल्सचा धाकटा भाऊ फर्डिनांड याने बोहेमिया आणि हंगेरी या दोन्ही मुकुटांवर हक्क सांगितला. बोहेमिया त्याला मिळाला; हंगेरीचा काही भागच हाती आला.

चार्ल्सने १५५५-५६ मध्ये सत्ता सोडली तेव्हा घराण्याच्या दोन शाखा झाल्या. स्पेन, इटलीतील राज्ये, नेदरलँड्स आणि अमेरिका मुलगा दुसरा फिलिप याला मिळाली. ऑस्ट्रिया आणि सम्राटपद भाऊ फर्डिनांडकडे गेले.

या लग्नांचा एक धागा कोकणपट्टीपर्यंत येतो. दुसऱ्या फिलिपची आई पोर्तुगालची राजकन्या होती. पोर्तुगालचे राजघराणे निर्वंश झाल्यावर आईकडून आलेल्या हक्कावर त्याने १५८० मध्ये तो मुकुट मिळवला. त्यामुळे १५८० ते १६४० या काळात गोवा, वसई आणि मुंबई हे पोर्तुगीज मुलूखही हॅब्सबर्ग राजाच्याच नावाखाली होते. पोर्तुगालमध्ये १६४० साली ब्रागान्झा घराणे सत्तेवर आले. त्या नव्या घराण्याला स्पेनविरुद्ध इंग्लंडचा आधार हवा होता. म्हणून राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली आणि १६६१ च्या विवाहकरारात मुंबई आंदण म्हणून ठरली.

घरातल्या घरात लग्ने कशासाठी?

कारण वारसाहक्काच्या नियमांत होते. फ्रान्समध्ये चौदाव्या शतकापासून स्त्रीला गादी मिळत नसे आणि स्त्रीच्या नात्याने आलेला हक्कही मानला जात नसे. फ्रेंच राजकन्या परक्या घरी गेली तरी राज्य तिच्यामागे जाण्याची भीती नव्हती. कॅस्टिलमध्ये मात्र भाऊ नसेल तर मुलगी राणी होऊ शकत असे. म्हणजेच स्पेनची प्रत्येक राजकन्या सासरी जाताना गादीवरचा संभाव्य हक्क सोबत नेत होती.

ज्या वाटेने हॅब्सबर्गांनी स्पेन मिळवला, त्याच वाटेने तो दुसऱ्याला मिळू नये, हा धडा त्यांनी नीट लक्षात ठेवला होता. उपाय सोपा होता: स्पेनच्या मुली ऑस्ट्रियाच्या शाखेत द्यायच्या आणि तिकडच्या मुली करायच्या. धर्मसुधारणेच्या चळवळीनंतर अनेक राजघराणी प्रोटेस्टंट झाली. कॅथलिक आणि बरोबरीच्या दर्जाची स्थळे त्यामुळे आणखी कमी झाली. जवळच्या नात्यातील विवाहाला चर्चची मनाई होती, पण पोपकडून खास परवानगी मिळवता येत असे.

सख्खी भाची, सख्खा मामा

इंग्रजीत भाची आणि पुतणी यांना एकच शब्द आहे. मराठीत नाते नेमके सांगता येते, म्हणून ही गुंतागुंत मराठीत अधिक स्पष्ट दिसते.

पाचव्या चार्ल्सने १५२६ मध्ये मावसबहीण इसाबेला हिच्याशी लग्न केले. त्याच्या आदल्या वर्षी इसाबेलाचा भाऊ, पोर्तुगालचा राजा तिसरा जोआओ, याने चार्ल्सची बहीण कॅथरीन केली होती. पुढे चार्ल्सचा मुलगा फिलिप आणि जोआओची मुलगी मारिया यांचे लग्न झाले. ती त्याची मामेबहीण होती आणि आतेबहीणही. त्यांच्या डॉन कार्लोस या मुलाला पणजोबा-पणज्या आठऐवजी चारच होत्या. डॉन कार्लोसचे वागणे बेभरवशाचे होत गेल्यावर वडिलांनीच त्याला १५६८ मध्ये कैदेत टाकले आणि त्याच वर्षी तो तेविसाव्या वर्षी वारला.

फिलिपने चौथे लग्न १५७० मध्ये केले ते सख्ख्या बहिणीच्या मुलीशी. तिसरा फिलिप हा या मामा-भाचीचा मुलगा. त्याचा मुलगा चौथा फिलिप याच्या घरी तोच प्रकार पुन्हा घडला. चौथ्या फिलिपचा मुलगा बाल्तासार कार्लोस याचे लग्न व्हिएन्नातील आतेबहीण मारियाना हिच्याशी ठरले होते. सोळा वर्षांचा हा राजपुत्र १६४६ मध्ये वारला. स्पेनला पुरुष वारस उरला नाही, म्हणून १६४९ मध्ये ४४ वर्षांच्या राजाने मुलासाठी ठरवलेल्या चौदा वर्षांच्या भाचीशी स्वतःच लग्न केले.

त्यांची थोरली मुलगी मार्गारिता ही वेलास्केथच्या ‘लास मेनिनास’ या प्रसिद्ध चित्राच्या मध्यभागी उभी असलेली छोटी राजकन्या. तिचे लग्न लहानपणीच सख्खा मामा सम्राट लिओपोल्ड याच्याशी ठरले होते. ती कशी वाढते आहे हे कळावे म्हणून तिची चित्रे व्हिएन्नाला पाठवली जात. १६६६ मध्ये लग्न झाले आणि १६७३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, बाळंतपणांनी खंगून ती वारली.

शेवटचा राजा

चौथ्या फिलिपचा त्या वेळी हयात असलेला एकमेव औरस मुलगा फेलिपे प्रोस्पेरो चार वर्षांचा होण्याआधीच, १ नोव्हेंबर १६६१ रोजी गेला. त्यानंतर पाचच दिवसांनी दुसऱ्या कार्लोसचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचे आईवडील हेच त्याच्या आईचे आजी-आजोबा होते.

कार्लोस जन्मापासून अशक्त होता. तो बोलायला आणि चालायला खूप उशिरा शिकला. घराण्याची खूण मानला जाणारा पुढे आलेला खालचा जबडा त्याच्या चित्रांत स्पष्ट दिसतो. वयाच्या चौथ्या वर्षी तो राजा झाला आणि कारभार आईने पाहिला. त्याची दोन लग्ने झाली, पण मूल झाले नाही. लोकांत समज पसरला की राजावर कोणीतरी करणी केली आहे. त्याचे ‘मंतरलेला’ हे टोपणनाव त्यातूनच आले. त्याच्यावर भूतबाधा उतरवण्याचे विधीही झाले.

स्पेनमधील संशोधकांनी २००९ मध्ये या घराण्याच्या वंशावळीतील तीन हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद तपासली. आईवडील रक्ताच्या नात्यातले असतील तर मुलाला दोघांकडून एकाच पूर्वजाचे तेच जनुक मिळण्याची शक्यता वाढते. ही शक्यता आकड्यात मांडतात. चुलत-मामे भावंडांच्या मुलांत ती ०.०६२५, मामा-भाचीच्या मुलांत ०.१२५ आणि सख्ख्या भावाबहिणीच्या मुलांत ०.२५ असते. कार्लोसच्या बाबतीत ती ०.२५४ निघाली. त्याचे आईवडील मामा-भाची होते, पण आधीच्या पिढ्यांतील नाती साठत जाऊन आकडा भावाबहिणीच्याही पुढे गेला.

त्याच अभ्यासानुसार १५२७ ते १६६१ या काळात स्पेनच्या राजघरात जन्मलेल्या ३४ मुलांपैकी १० पहिल्या वर्षातच आणि १७ दहा वर्षांची होण्याआधी दगावली. त्या काळी बालमृत्यू सगळीकडेच होते. तरीही राजवाड्यातील हे प्रमाण तेव्हाच्या स्पॅनिश खेड्यांपेक्षा जास्त होते. कार्लोसला नेमके कोणते आजार होते याबद्दल मात्र केवळ अंदाजच करता येतात.

मृत्युपत्र आणि युद्ध

कार्लोसच्या हयातीतच वाटणीची बोलणी सुरू झाली होती. दोन मुख्य दावेदार होते फ्रान्सचा चौदावा लुई आणि सम्राट लिओपोल्ड. दोघांच्याही आया तिसऱ्या फिलिपच्या मुली होत्या आणि बायका चौथ्या फिलिपच्या. म्हणजे ते एकमेकांचे मावसभाऊ होते आणि साडूही. लुईच्या राणीने लग्नात वारसाहक्क सोडला होता, पण ठरलेला पाच लाख सुवर्ण एस्कुदोंचा हुंडा स्पेनने कधी दिलाच नाही. त्यामुळे तो त्याग रद्द झाला, असे फ्रान्सचे म्हणणे होते. सर्वांना चालेल असा तिसरा वारस, मार्गारिताचा बव्हेरियातील सहा वर्षांचा नातू, १६९९ मध्ये वारला.

राज्याचे तुकडे होऊ नयेत म्हणून कार्लोसने मृत्यूच्या महिनाभर आधी सारे काही लुईचा नातू फिलिप याच्या नावे केले. त्यातून स्पेनच्या वारसाचे युद्ध पेटले. उत्रेख्तच्या तहाने १७१३ मध्ये फिलिपला स्पेन मिळाला, पण फ्रान्स आणि स्पेनचे मुकुट कधी एक होणार नाहीत अशी अट घातली गेली. नेदरलँड्स, मिलान आणि नेपल्स ऑस्ट्रियाकडे गेले आणि जिब्राल्टर ब्रिटनकडे. जिब्राल्टरचा वाद आजही मिटलेला नाही. स्पेनचे आजचे राजे सहावे फेलिपे याच फ्रेंच बूर्बाँ वंशातले आहेत.

मुलीचा हक्क

ऑस्ट्रियाच्या शाखेवरही लवकरच तोच प्रसंग आला. सम्राट सहावा चार्ल्स याने १७१३ मध्येच, मुलगा नसेल तर राज्य मुलीला मिळेल, असा फतवा काढला होता. नंतरची अनेक वर्षे त्याने इतर सत्तांची मान्यता मिळवण्यात घालवली. तो १७४० मध्ये वारला आणि काही आठवड्यांतच प्रशियाच्या फ्रेडरिकने सायलीशिया प्रांतावर चढाई केली. मारिया थेरेसा २३ वर्षांची होती. आठ वर्षांच्या युद्धात तिने सायलीशिया गमावला, पण बाकीचे राज्य राखले.

तिने लॉरेनच्या फ्रान्सिसशी लग्न केले होते, म्हणून पुढचा वंश हॅब्सबर्ग-लॉरेन म्हणवला. तिला सोळा मुले झाली. त्यांच्या लग्नांतही राजकारणच होते, मात्र आता स्थळे जुन्या शत्रूच्या, बूर्बाँ घराण्याच्या दारी शोधली गेली. १७७० मध्ये फ्रान्सला दिलेली तिची मुलगी मारी आंत्वानेत हिला १७९३ मध्ये गिलोटीनवर जीव गमवावा लागला.

आज युरोपातील राजांकडे प्रत्यक्ष सत्ता उरलेली नाही, त्यामुळे लग्नावरून प्रांत हातचे जात नाहीत. बहुतेक राजघराण्यांनी वारशाचे नियमही बदलले आहेत. स्वीडनने १९८० मध्ये मुलगा-मुलगी भेद न करता थोरल्या अपत्याला गादी देण्याचा नियम लागू केला. नेदरलँड्स, नॉर्वे, बेल्जियम आणि डेन्मार्क यांनीही तो स्वीकारला, आणि ब्रिटनने २०१३ मध्ये तसा कायदा केला. स्पेनच्या राज्यघटनेत अजूनही भावाला बहिणीआधी मान आहे. २००५ मध्ये जन्मलेल्या राजकन्या लिओनोर आज वारस आहेत, कारण त्यांना भाऊ नाही.