‘नको’पासून ‘अजून वाढ’पर्यंत

मुलाने पहिला शब्द कोणता उच्चारला, यावर नवरा-बायकोत जन्मभर वाद चालतो. बायको म्हणते ‘आई’, नवरा म्हणतो ‘बाबा’. वाढायला उभी असलेली आजी मात्र खरं काय ते जाणून असते. तो शब्द ‘नको’ हा असतो. दुधी नको, पडवळ नको, कारलं तर नकोच नको. अजून धड अक्षरओळख नसलेलं ते पोर पोह्यांत दडवलेला गाजराचा तुकडा जवाहिऱ्याच्या नजरेनं हुडकून काढतं आणि ताटाच्या काठावर ओळीनं मांडून ठेवतं.

मग उपाय सुरू होतात. चिऊचा घास, काऊचा घास होतो. हा एक घास बाबांचा होतो. (बाबांच्या पानातही पडवळ तसंच पडलेलं असतं, पण त्याची मोजदाद कोणी करत नाही.) त्यानंतर लाच, लाचेनंतर धमकी, आणि सगळं फसलं की घरातलं वडील माणूस ते ठेवणीतलं वाक्य बाहेर काढतं, “आमच्या वेळी असले नखरे नव्हते! पानात पडेल ते मुकाट्यानं खात होतो!”

हे वाक्य ऐकलं की मला इतिहास आठवतो. कारण मराठी माणसाच्या जेवणाचा इतिहास जरा उलगडून पाहिला, तर तो मुकाट्यानं खाण्याचा मुळीच नाही. तो चांगला दोन-चार शतकांच्या नखऱ्यांचा आहे.

ज्ञानेश्वरी लिहिली गेली 1290 साली. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला 1492 साली. या दोन सनांची वजाबाकी केली की एक धक्कादायक गोष्ट हाती लागते. माउलींच्या महाराष्ट्रात मिरची नव्हती! म्हणजे ठेचा नव्हता. बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, शेंगदाणा नव्हता, रताळं नव्हतं. पेरू, पपई, सीताफळ, अननस, काजू यांचाही पत्ता नव्हता. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या गलबतांतून यातली बरीचशी आपल्याकडे उतरली. बटाट्याचं नाव सरळ पोर्तुगिजांकडून आलेलं. पेरू तर गावाचं नाव आडनावात मिरवावं तसा देशाचं नाव घेऊन हिंडतो. मिरचीला बिचारीला स्वतःचं नावही मिळालं नाही. आधीच्या मिरीवरून तिला ‘मिरची’ म्हटलं, आणि पुढे तिनं मिरीलाच स्वयंपाकघराच्या मागच्या फळीवर ढकललं.

आता एकादशीचं ताट डोळ्यांपुढे आणा. साबुदाण्याची खिचडी, तीत बटाटा, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. शेजारी रताळ्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि राजगिराही पलीकडचाच. तूप, दही आणि वऱ्याचे तांदूळ एवढे सोडले तर आपला उपवास हा अमेरिका खंडाचा नकाशा आहे. आणि या नकाशाला सोवळ्यात हात लावणाऱ्या आजीबाई नातवाला बजावतात, “बाहेरचं काहीबाही खाऊ नकोस रे!”

टोमॅटोचं पाहा. विदर्भात अजून कोणी त्याला ‘भेदरं’ म्हणतात. जुन्या सोवळ्या घरांत त्याचा लालभडक रंग पाहून मांसाची आठवण होई, म्हणून कित्येक वर्षं तो उंबऱ्याच्या आत आला नाही. पावाची तर आणखीच तऱ्हा. परक्यांनी विहिरीत पाव टाकला आणि अख्खं गाव बाटलं, अशा कथा कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या पावाच्या पोटात त्या परदेशी बटाट्याचा वडा भरून, वर त्या परदेशी मिरचीची चटणी भुरभुरून आज आपण मराठी बाण्याची खूण म्हणून छाती पुढे काढतो!

तुम्ही म्हणाल, हे अडाणी जुन्या लोकांचं झालं. ठीक आहे, शहाण्यांकडे वळू. पुणं, ऑक्टोबर 1890. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाचा कार्यक्रम होता. रानडे, टिळक यांच्यासारखी नामवंत मंडळी हजर. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेल्याला नुसता हात लावून तो खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोशींनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली. खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतलं, म्हणून सुधारक मंडळी त्यांच्यावर रुसली. एका पेलाभर चहापायी दोन वर्षं! आणि त्याच पुण्यात आज सकाळी आधी चहा आणि मग देव. तेव्हा ताटाला नुसता हात लावून घेवडा परत पाठवणाऱ्या पोरावर पुणेकरांनी तरी डोळे वटारू नयेत. फार थोर परंपरा आहे ती.

मग हे ‘नको’चं ‘अजून वाढ’ झालं कसं? हुकमानं झालं नाही, एवढं नक्की. प्रशियाच्या फ्रेडरिक राजानं 1756 साली बटाटे लावण्याचा हुकूम काढला. शेतकरी कुरकुरतच राहिले. त्यापेक्षा फ्रान्सचा पार्मांतिए हुशार. हा गृहस्थ लढाईत प्रशियाचा कैदी झाला. तिथे तुरुंगात बटाटे खाऊनही जिवंत राहिला, तेव्हा त्याची खात्री पटली की ही वस्तू खाण्याजोगी आहे. 1772 साली पॅरिसच्या वैद्यकपंडितांनीही तसा निर्वाळा दिला. तरी लोक खाईनात. पुढे राजानं त्याला पॅरिसजवळ जमीन दिली. असं सांगतात, की त्यानं शेतावर दिवसा शिपायांचा पहारा बसवला आणि रात्री मुद्दाम उठवला. लोकांना वाटलं, ज्याअर्थी पहारा आहे त्याअर्थी माल नक्की उंची असणार! मग झाल्या रात्री चोऱ्या. लाडवाचा डबा उंच फळीवर ठेवणाऱ्या कोणत्याही मराठी आईला ही युक्ती शिकवावी लागली नसती. फक्त पडवळाचा डबा वर ठेवून ती अजून कोणी करून पाहिलेली नाही.

सक्तीनं माणूस खातो, नाही असं नाही. भुकेची सक्ती सगळ्यांत मोठी. 1972 च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळू लागली. तिला ‘मिलो’ म्हणत. पांढऱ्याशुभ्र मालदांडीवर वाढलेल्या माणसांना त्या तांबूस भाकरीचा घास उतरत नव्हता. पण दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आलेला माणूस चवीची चर्चा करत नाही. सुकडी आणि मिलो यांवर लाखो लोक जगले. तिचे उपकार आहेतच. पण त्यानंतर एखाद्यानं हौसेनं मिलोची भाकरी मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सक्तीचा घास पोटात जातो, मनात जात नाही.

लिअन बर्च नावाच्या अमेरिकन बाईंनी हेच मुलांवर प्रयोग करून पाहिलं. 1980 साली त्यांनी एखादी भाजी नावडणाऱ्या मुलाला ती आवडीनं खाणाऱ्या मुलांच्या पंगतीत बसवलं. थोड्याच दिवसांत गडी ती भाजी उचलू लागला. 1982 साली दोन वर्षांच्या पोरांना नवे पदार्थ कमीजास्त वेळा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा जिभेवर आला, तो जास्त आवडला. आणि 1984 साली आढळलं, की ‘हे संपव, मग बक्षीस’ असं म्हटलं, की मुलं बक्षीस घेतात आणि पदार्थावर मात्र त्यांचं मन बसत नाही. म्हणजे चॉकलेटची लाच दिली की चॉकलेटची किंमत वाढते आणि भेंडीची उतरते! बटाट्यालाही आपल्याकडे यायला याच वाटा होत्या. शेजारच्यांच्या पानात दिसायचं, ओळखीच्या फोडणीत पडायचं, आणि हाकललं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हायचं. त्यानं तीन-चार शतकं चिकाटी धरली. आपण तिसऱ्या दिवशी म्हणतो, “याला नाहीच आवडत!” आणि पोराच्या कपाळावर तो शिक्का कायमचा बसतो.

खरी काळजी पुढेच आहे. आजच्या पोराला नूडल्स, पिझ्झा यांचं वावडं नाही. त्याला नवी वाटते ती नाचणीची भाकरी. चाकवत, अंबाडी, टाकळा ही त्याच्या दृष्टीनं परदेशी पाहुणी मंडळी. भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रसंघानं 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं. ज्वारी-बाजरी-नाचणीचे मोठे गोडवे गायले गेले. पण राष्ट्रसंघाचा ठराव मुलाच्या पानात कोण वाढणार? बटाट्याला गलबतं मिळाली, साबुदाण्याला एकादशी मिळाली. टाकळ्याला एका पिढीनं दुसरीच्या पानात वाढलेला चमचा, एवढीच काय ती वाट आहे. तो चमचा थांबला की ती चव संपली. ती परत आणायला कोणता कोलंबस येणार नाही.

तेव्हा वाढणाऱ्यांनी एवढंच करावं. पोराच्या पानात सुपारीएवढी भाजी वाढावी आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढू नये. तिच्यातली जीवनसत्त्वं सांगू नयेत, ‘आमच्या वेळी’ तर मुळीच सांगू नये. ती काठावर गेली तर जाऊ द्यावी, चार दिवसांनी पुन्हा वाढावी. आणि बाबांनी पेपर खाली ठेवून आपल्या पानातलं पडवळ आधी संपवावं. शक्य झाल्यास चेहरा सरळ ठेवून.